नाटकाचा कागद

रात्रीच्या आवाजाबद्दल तक्रार करायला इंदुताईला तोंडच नव्हतं. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत झाडीपट्टीची नाटकं रात्री दहाला सुरू होतात ती उजाडेपर्यंत चालतात. त्या नाटकांत तिने वीस हिवाळे नायिका केली. भोंग्यावरून तिचं रडणं तीन गावांना ऐकू जायचं. नवरा लटारूभाऊ पेटीवर असे. दोघांनी मिळून अख्ख्या पट्ट्याच्या झोपा उडवल्या, आणि वर लोकांनी त्यांचे सत्कार केले!

पण दोन वर्षांपूर्वी लटारूभाऊला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. झोप मोडली की झटके येत. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या एकवेळ चुकल्या तरी चालतील, झोप चुकायला नको.

आणि घराला लागून असलेल्या वावरात पत्र्याचा मोठा मांडव उभा राहिला. बोर्ड लागला : ऑर्केस्ट्रा बार, रात्री दीडपर्यंत. नदीपलीकडच्या जिल्ह्यात दारूबंदी, अलीकडे परवाना. गिऱ्हाईक पूल ओलांडून येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. उद्‌घाटनाआधी दोन रात्री नुसती तालीम झाली, तर दोन्ही रात्री लटारूभाऊला झटका आला. दुसऱ्या दिवशी इंदुताई अर्ज घेऊन तरातरा ग्रामपंचायतीत गेली.

ग्रामसेविका रंजीता मॅडमनी अर्ज वाचला आणि जरा चाचरत म्हणाल्या, "मावशी, लगतच्या शेजाऱ्यांची ना-हरकत आहे याला. लेखी आहे."

"कोन्या बेइमानानं देल्ली? नाव तर सांगा मले, त्याच्या दारात जाऊन बसतो मी!"

मॅडमनी फाइल उघडून तिच्यासमोर सरकवली.

कागदाच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं. ते बोट तिचंच होतं. खाली पहिल्या ओळीत तिची सही, नायिकेची, शेवटच्या अक्षराला मोठा वळसा देऊन केलेली.

दसऱ्यानंतर निकेश आला होता. तोच निकेश, ज्याला तान्हेपणी तिने रंगमंचावर आपलं बाळ म्हणून कडेवर घेतलं होतं. नाटकाच्या भोंग्याच्या परवानगीसाठी दरवर्षी तोच सह्यांचा कागद फिरवायचा, आणि पहिली सही इंदुताईची, हा गावाचा रिवाज. ती कागदाला हळदीकुंकू लावायची, सही ठोकायची. वाचायचं कशाला? नाटकाचा कागद का कोणी वाचतं!

"काकू, नेहमीचाच हाय," एवढंच तो म्हणाला होता. मान मात्र वर केली नव्हती, हे तिला आत्ता आठवलं.

"आणि ही दुसरी ओळ," मॅडम हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या ओळीत लटारूभाऊचा अंगठा होता. तो तर तिने स्वतःच लावला होता. नवऱ्याची आखडलेली मूठ एकेक बोट करून सोडवली होती आणि कौतुकाने म्हणाली होती, "पेटीवाल्याशिवाय नाटक होते का जी? द्या आंगठा."

ज्या बेइमानाच्या दारात ती जाऊन बसणार होती, ते दार तिचंच निघालं.

"आता माघारी घेतो मी सही. खोडा."

"हरकतीची मुदत सोमवारीच संपली, मावशी. अपील करता येईल वर. पण तिथेही पहिला प्रश्न या सहीचाच येईल."

घरी कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. लटारूभाऊ उशीला टेकून बसला होता. त्याने डावा हात वर केला.

"इंदू... नाटक... कवा हाय?"

तेव्हापासून तो रोज वाट पाहत होता! वीस वर्षं हजारो माणसांसमोर बोललेली ती बाई त्याच्या उशाशी खाली बसली. हळूच म्हणाली, "नाटक नाई जी. मी फसली. तुमाले बी फसवलं मीनं."

त्याला ते समजलं की नाही कोण जाणे. तेवढ्यात शेजारच्या मांडवात कोणीतरी माईक ठोकला. हॅलो, हॅलो, चेक.

लटारूभाऊचा चेहरा उजळला. "सुरू झालं," तो म्हणाला, आणि त्याची डावी बोटं गोधडीवर पेटीच्या पट्ट्या शोधू लागली.

इंदुताई उठली आणि घरातल्या सगळ्या खिडक्या लावू लागली.