आमचा कायमचा आरोपी

कायद्यापुढे सर्व माणसे समान असतात. हे वाक्य आमच्या लॉ कॉलेजच्या सभागृहात, व्यासपीठामागच्या भिंतीवर वीतभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेले होते. त्याच भिंतीपुढे दर हिवाळ्यात आमचे अभिरूप न्यायालय भरे. बाहेरून कोणी मोठे न्यायाधीश बोलवायचे आणि विद्यार्थ्यांनी वकील, साक्षीदार होऊन एक लुटुपुटूचा खटला चालवायचा. वकील दरवर्षी बदलत, साक्षीदार बदलत. आरोपी मात्र एकच असे.

तो पिंजऱ्यात येई, उजवा हात कठड्यावर ठेवी, मान किंचित खाली घाली आणि म्हणे, "मले गुन्हा कबूल नाही." हे तो इतक्या मनापासून म्हणे की गुन्हा त्यानेच केला आहे अशी सगळ्यांची खात्री पटे.

सत्तरच्या दशकातली, नागपुरातली गोष्ट. कायद्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना दहाच्या आत कचेरी गाठता येई. मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. तो लकडगंजमधल्या एका लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, हिशेब बघे आणि तिथेच मागच्या खोलीत राही. त्यामुळे सकाळी वर्गात येई तेव्हा त्याच्या भुवयांवर आदल्या दिवशीचा भुसा असे. खांदे रुंद, मिशी दाट, आवाज आरा मशीनवर मात करायची सवय असलेला.

आमचे फौजदारी कायद्याचे प्राध्यापक म्हणत, "याचा चेहरा भूमिकेला अनुकूल आहे." अनुकूल म्हणजे कसा, हे त्यांनी कधी फोड करून सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. दुसरे कारण त्याहून साधे होते. वकील व्हायला काळा कोट लागे. ज्यांच्या घरी वडिलांचे, काकांचे कोट खुंटीला असत त्यांना वकिली मिळे. आरोपीला कोट लागत नाही. शिवाय खटला दरवर्षी सायकलचोरीचाच असे आणि मुद्देमाल म्हणून समोर उभी केलेली सायकलही त्याचीच असे. म्हणजे स्वतःची सायकल चोरल्याबद्दल तो दरवर्षी दोषी ठरे, त्याला सक्तमजुरी होई आणि मग तो त्याच सायकलवर बसून टालीवर कामाला जाई.

याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. उलट ते वाक्य त्याने रोजच्या वापरात आणले होते. कॅन्टीनमध्ये तर्री-पोह्यांची शेवटची बशी कोणी उचलली असे विचारले की तो तोंड पुसत म्हणे, "मले गुन्हा कबूल नाही." प्राध्यापकांनी उशीर का झाला म्हणून विचारले तरी तेच. एकदा वर्गातल्या एका मुलीने त्याला विचारले, "काहून गा, तुले खरंच पोलिसानं धरलं तं काय म्हणशील?" तो म्हणाला, "तवा कबूल करून टाकीन वं. खऱ्या पोलिसापुढं नाटक नाही जमत मले."

त्याला सरकारी वकील व्हायचे होते. त्या परीक्षेची तयारी तो टालीवरच करी. लाकडे मोजता मोजता कलमे मोठ्याने म्हणे. ऐकून ऐकून तिथल्या हमालांनाही ती पाठ झाली होती. एकदा मी त्याला भेटायला गेलो तर ओंडका उतरवणारा एक हमाल दुसऱ्याला ओरडून सांगत होता, "हळू सोड गा, माह्या पायावर पडला तं तीनशे अडतीस लागन तुले." पिनल कोडातले हे कलम निष्काळजीपणे एखाद्याला जबर दुखापत करण्याबद्दलचे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते सांगता आले नसते, पण त्यांच्या पायांवर ओंडके पडत नसत, हेही खरे.

सरकारी वकील व्हायचे हे त्याच्या वडिलांनी ठरवले होते. ते सावनेरकडे कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते. धम्मदीक्षेच्या दिवशी त्यांनी या पोराला खांद्यावर बसवून नागपुरात आणले होते. त्या गर्दीत पोराला नीट दिसावे म्हणून त्याला उंच धरता धरता त्यांच्या मनात आले, की हा वकील होईल. पोराला त्या दिवसातली फक्त तहान आठवत होती. वडिलांना बाकी सगळे आठवत होते.

शेवटच्या वर्षी, अभिरूप न्यायालयाच्या आधी, तो माझ्याकडे आला. चेहऱ्यावरचा भुसा पुसलेला होता, यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले.

"बाबा येऊन राहिले गा," तो म्हणाला. "माही वकिली पाहाले."

दरवर्षी खटला झाला की तो सावनेरला जाऊन वडिलांना सांगे, की कोर्टात उभा राहिलो होतो. वडील ऐकून खूश होत. शेजाऱ्यांना सांगत.

"खोटं काय आहे त्यात?" तो म्हणाला. "उभाच होतो. बसाले कोण देते आरोपीले? पण आता थे मले पिंजऱ्यात पाहतीन गा."

आम्ही दोघे प्राध्यापकांकडे गेलो. या वर्षी याला वकील करा, म्हटले. ते हसले आणि म्हणाले की असा आरोपी त्यांना पुन्हा कुठे मिळणार? शिवाय सरकारी वकिलाची भूमिका एका नामांकित वकिलाच्या मुलाला दिलेली होती आणि त्याचे भाषण पाठही झाले होते. बचावाचा वकील मी होतो. मी माझी जागा याला द्यायला तयार झालो. प्राध्यापकांनी, कोट होत असेल तर बघा, म्हणून परवानगी दिली. माझा कोट त्याच्या कोपरांपर्यंत चढला आणि तिथे थांबला. पुढे ढकलला असता तर शिवण गेली असती, आणि तो कोटही माझ्या मेहुण्याचा होता.

"राहू दे," तो म्हणाला. "मी आरोपीच बरा."

त्या दिवशी वडील वेळेच्या आधीच आले. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी, हातात डब्याची पिशवी. सभागृहात या टोकापासून त्या टोकापर्यंत सतरंजी अंथरलेली होती. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या पुढच्या खुर्चीवर ते बसले आणि त्यांना उठवायचे धैर्य कोणाला झाले नाही.

न्यायाधीश म्हणून एक सेवानिवृत्त सेशन्स जज्ज आले होते. त्यांच्यापुढे लाकडी हातोडी ठेवली होती. ती आमच्या आरोपीनेच टालीवर करून आणली होती, कारण सिनेमात असते म्हणून आमच्या चिटणिसाचा आग्रह होता. जज्जसाहेबांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले की आपल्या उभ्या कारकिर्दीत आपण हातोडी वापरलेली नाही, आपल्याकडे तशी पद्धतच नाही. नंतर मात्र त्यांनी ती खाली ठेवली नाही. न्यायाची थोरवी या विषयावर ते बराच वेळ बोलले. मग आरोपीला आणा म्हणाले.

तो आला. उजवा हात कठड्यावर गेला, मान खाली गेली. वडिलांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मी त्यांच्याकडे बघायचे टाळले.

"मला गुन्हा कबूल नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'मले' म्हणाला नाही.

सरकारी वकिलाने पाठ केलेले भाषण म्हटले. त्यात आरोपीला समाजपुरुषाच्या अंगावरचे गळू म्हटले होते. वडील मुलाकडे नाही, सायकलकडे बघत होते. मग फिर्यादी झालेला विद्यार्थी साक्षीला आला, शपथ घेतली आणि बोट दाखवून म्हणाला, ही माझीच सायकल.

वडील उठले.

"साहेब," ते म्हणाले, "थे सायकल माही आहे. पोरगा मॅट्रिक झाला तवा मी घेऊन देल्ली."

सभागृह हसले. हातोडी वाजली. सरकारी वकील उसळून म्हणाला की हा माणूस साक्षीदारांच्या यादीत नाही, त्याला खाली बसवावे. आता बचावाच्या वकिलाने काहीतरी बोलायला हवे होते. मी उभा राहिलो आणि काय बोलायचे ते न सुचून पुन्हा बसलो.

"कलम तीनशे अकरा, महाराज," पिंजऱ्यातून आवाज आला. मान वर होती. हात कठड्यावरच होता. "फौजदारी प्रक्रिया संहिता. खटला कोणत्याही टप्प्यावर असो, हजर असलेल्या कोणत्याही माणसाची साक्ष कोर्टाला घेता येते. त्याला समन्स नसले तरी. आणि न्यायासाठी ती साक्ष आवश्यक वाटत असेल, तर कोर्टाला ती घ्यावीच लागते. माझी विनंती आहे की आवश्यक आहे की नाही, एवढे कोर्टाने आधी ठरवावे."

लाकडे मोजताना घोटलेला आवाज होता तो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. जज्जसाहेबांनी हातोडी बाजूला ठेवली, चष्मा पुसला आणि खरोखरच्या कोर्टात बोलावे तसे म्हणाले, "साक्षीदाराला शपथ द्या."

वडिलांनी सांगितले की सीटच्या खाली नळीवर एक लहान चक्र कोरलेले आहे, त्यांनी स्वतः वर्कशॉपमध्ये कोरले होते. सायकल उलटी केली. चक्र होते. फिर्यादी विद्यार्थी आपल्या शपथेचा विचार करत उभा राहिला.

सरकारी वकिलाने उलटतपासणी घेतली. "तुम्ही आरोपीचे कोण?"

"बाप."

"म्हणजे मुलासाठी तुम्ही खोटेही बोलाल."

वडिलांनी जरा विचार केला. "येळ आली तं बोलीन साहेब. पण आज गरज नाही पडून राहिली."

आमच्या अभिरूप न्यायालयाच्या इतिहासात आरोपी पहिल्यांदाच निर्दोष सुटला. मुद्देमाल आरोपीला परत करावा, असा हुकूम झाला. सर्वांत चांगला युक्तिवाद पिंजऱ्यातून झाला, असेही जज्जसाहेब म्हणाले. उत्कृष्ट वकिलाचा करंडक सरकारी वकिलालाच मिळाला. त्याचे नाव आधीच कोरून आणलेले होते.

बाहेर चिंचेच्या झाडाखाली बापलेकांनी आणि मी मिळून डबा खाल्ला. त्याला राहवत नव्हते. शेवटी त्याने वडिलांना विचारले, हे नाटक आहे हे कळले होते ना?

"कळलं होतं ना बाबू," वडील म्हणाले. "खऱ्या कोर्टात इतकी सतरंजी नसते. पण सायकल तं खरी होती." मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, "त्या कोटवाल्यापेक्षा तू बरा बोलला. तुह्या मापाचा एक शिवून घे आता."

कोट शिवला. परीक्षाही पहिल्याच खेपेला निघाली आणि तो सरकारी वकील होऊन दूर चंद्रपूरच्या बाजूला गेला. तिथे आरोपींच्या बाजूने वकिली करणारा माझा एक मित्र सांगतो, की खटला सुरू व्हायच्या आधी तो पिंजऱ्यापाशी जाऊन आरोपीला हळूच विचारतो, "काय चालू आहे थे समजून राहिलं ना तुले?" आणि मग त्याला शिक्षा व्हावी म्हणून जीव तोडून भांडतो. माझा मित्र त्याच्यापुढे बहुतेक वेळा हरलेला आहे, त्यामुळे ही माहिती विश्वासार्ह समजायला हरकत नाही.

जाताना तो सायकल कॉलेजला देऊन गेला. मुद्देमाल नसला तं केस पडते गा, एवढेच म्हणाला. कॉलेजने ती स्वीकारली, पण आरोपी काही मिळेना. पिंजऱ्यात उभे राहायला कोणीच तयार होत नसे. दोन-तीन हिवाळे चिठ्ठ्या टाकून पाहिल्या आणि मग अभिरूप न्यायालय बंद पडले.

परवा एका दाखल्यासाठी कॉलेजात गेलो होतो. सभागृहाला नवा रंग दिला आहे. भिंतीवरचे वाक्य पुन्हा ठळक केले आहे. त्याच्या बरोबर खाली, भिंतीला टेकून, ती सायकल अजून उभी आहे. हँडलला मुद्देमालाची चिठ्ठी आहे, सीटखाली चक्र आहे. घंटी मात्र कोणीतरी काढून नेली आहे.

फिर्याद कोणी दिलेली नाही.