भानुदासमामांचे कान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही आमच्या नांदूरघाटचे नाही, म्हणूनच असेल. तुमची नि भानुदासमामांची उद्या पारावर गाठ पडणार नाही.

मी पुण्याजवळ एका वाहन कंपनीत संशोधन विभागात आहे. विजेवर चालणारा छोटा टेम्पो बनवत होतो आम्ही — धूर नाही, घरघर नाही. पण घरघर नाही, हीच अडचण. हळू चालताना अशी गाडी माणसाच्या पाठीशी येऊन उभी राहिली तरी पत्ता लागत नाही. म्हणून पुढे एक स्पीकर बसवलेला. गाडी हलली की तो घुमायचा. हा आवाज रस्त्यावर कसा ऐकू येतो, हे तपासणं माझं काम होतं. माणसं वाचावीत याचाच पगार मिळत होता मला.

चाचणीसाठी खराब रस्ते आणि कडक ऊन हवं होतं. मी ऐटीत म्हणालो, आमच्या केज तालुक्यात चला, दोन्ही फुकट मिळतं. खरं कारण वेगळं होतं — मला गावात गाडी मिरवायची होती.

आणि गावाने काय केलं? हसलं. चहाच्या टपरीवर शाळेतले मित्र बसले होते. एकजण म्हणाला, "रव्या, गाडी कण्हायलीय कावून बे? दिवस भरले काय हिचे?" झालं. मग मी जाईन तिथे लोक कण्हायला लागले. एकटे भानुदासमामा हसले नाहीत. ते मेंढपाळ, सख्खे मामा नव्हेत, पण आई त्यांना भाऊबीजेला ओवाळते. "गाडी बोलती, हे लई बेस हाय," म्हणाले. "मागून कोण आलं ते मेंढराला बी कळतंय."

तरी मी आवाज बंद केला. त्याचं बटण फक्त चाचणीच्या गाडीत असतं, विकायच्या गाडीत नसतं. एवढ्याशा हसण्याला घाबरलो — इंजिनिअर म्हणे! टपरीच्या अलीकडे बंद केला, आणि पुढे गेल्यावर चालू करायला... विसरलो म्हणू? नाही. विसरलो नव्हतो. आवाजाविना गाडी झोकात वाटत होती, म्हणून तसाच निघालो.

केजच्या रस्त्याला, ओढ्याच्या वळणावर, मामा कळपामागून चालले होते. माझ्याकडे पाठ. मी बॅटरीचं तापमान बघत होतो, रस्ता नाही. मान वर केली तेव्हा हॉर्नपर्यंत हात जायलाही वेळ उरला नव्हता. वेग फार नव्हता — पण सत्तरीच्या माणसाला पाडायला कितीसा लागतो? मांडीचं हाड मोडलं.

लोक धावून आले. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नसंल. मी म्हणालो नव्हतो हं ते. मला आयतंच मिळालं. मी गप्प राहिलो, आणि त्या गडबडीत आवाजाचं बटण पुन्हा चालू करून ठेवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. दवाखान्यात मामांनी मला जवळ बोलावलं. पाय वजन बांधून टांगलेला. रागावले नव्हते ते, नुसतं विचारत होते. "रवी, गाडी बोलत होती का रे?"

"होती, मामा."

त्यांनी डोळे मिटले. "मग माझेच कान गेले म्हणायचं."

स्वतःच्या कानांपेक्षा त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो आणि त्यांना मोसंबी सोलून दिली.

ऑफिसातही मी तेच सांगितलं. बैठक बसली. वयस्कर माणसांना हा आवाज पुरत नाही असं ठरलं. आवाज वाढवला, सूर बदलला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली — गावात जाऊन चाचणी केली म्हणून केवढी गोष्ट कळली! आज ती गाडी रस्त्यावर आहे. चांगली आहे. कुणाचा जीव वाचलाही असेल. मग खोटं कामी आलं, असं म्हणू का? म्हणून पाहिलंय. घशाखाली उतरत नाही.

हाड जुळलं. मामा मेंढरांमागे मात्र पुन्हा गेले नाहीत. बहिऱ्याने रस्त्याने कळप नेऊ नये, म्हणाले. कळप विकला. मामी मागेच वारल्या, मुलगी लांब दिलेली. दिवसभर बोलायला मेंढरंच होती त्यांना. गावातले लोक सुरुवातीला त्यांच्याशी ओरडून बोलायचे. पण ओरडून माणूस किती बोलणार? हळूहळू तेही बंद झालं. कान तपासायला नेतो, असं मी एकदा म्हणालो. "वय झालं, आता तपासायचं काय?" म्हणाले. मी आग्रह धरला नाही. तिथल्या यंत्राने खरं सांगून टाकलं असतं, आणि मला त्याचीच भीती होती.

गेल्या दिवाळीत भेटायला गेलो. मामा अंगणात बाजेवर, रस्त्याकडे पाठ करून एकटेच बसले होते. मी चपला काढल्या, तेवढाच काय तो आवाज.

"रवी आला का?" मान न वळवता ते म्हणाले.

आता सांगावं — मामा, तुमचे कान ठणठणीत आहेत, त्या दिवशी गाडीच मुकी होती. एवढंच तर वाक्य. आसपास कुणी नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसलो, तोंड उघडलं, "मामा..." म्हणालो.

त्यांनी कानामागे हात धरला आणि ओशाळं हसले. "जरा मोठ्यानं बोल, बाबा. मला ऐकू येत न्हाई."

मी आवाज चढवला. ओरडून विचारलं — फराळ केला का?