झालं धनुष्य!

आमच्या कुटुंबात एक वाक्प्रचार आहे, तो बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. भिंतीवरचं शेल्फ खाली आलं, ओव्हनमधला केक बसला, कुणी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झालं, की कुणीतरी म्हणतं, "झालं धनुष्य!" इथे इंग्लंडात जन्मलेल्या मुलांना मराठीतली लिंगं जमत नाहीत. ती म्हणतात, "बाबा, तुमचा धनुष्य झाला." अर्थ मात्र त्यांना बरोबर कळतो. स्वतः करायला गेलात आणि फजिती करून घेतलीत.

हे धनुष्य माझ्या साडूंचं, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. वाक्प्रचार मी काढला. तो खोटा आहे, आणि खोटा आहे हे इतकी वर्षं फक्त मला माहीत होतं.

मिल्टन कीन्सला आम्ही आधी आलो. ते दोघं नंतर स्लाऊहून आले आणि आमच्यापासून दोन राउंडअबाउट सोडून घर घेतलं. मी इंजिनियर, नेमस्त माणूस. साडू एका गोदामाच्या ऑफिसात होते आणि जातील तिथे माणसं जमवायचे. त्यांना गाता येत नसे, तरी गणपतीत लोक त्यांनाच गायला सांगत. माझी बायको त्यांच्या विनोदावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसे. माझ्या विनोदावर ती हसत नसे, म्हणून मी ते करणं केव्हाच सोडलं होतं.

निवृत्त झाल्यावर मी तिरंदाजी सुरू केली. ती एकच गोष्ट माझी एकट्याची होती. गावाबाहेरच्या रानात आमचा क्लब होता. या देशात धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून रानात झुडपांआड फोमची जनावरं उभी केलेली असत. हरणं, रानडुक्कर, एक कान तुटलेलं अस्वल. पायवाटेने जायचं, खुंटीपाशी थांबायचं, अंतर नजरेनेच ताडायचं आणि काळजाच्या जागी आखलेल्या वर्तुळात बाण मारायचा. क्लबातले लोक याला शिकारच म्हणत. आम्हीही म्हणू लागलो. दर रविवारी मी निघालो की बायको विचारायची, "शिकारीवर निघालात? येताना दूध आणा. अस्वल मिळालं तर नको."

माझं धनुष्य रिकर्व्ह होतं. टोकं पुढे वळलेली, मधला भाग धातूचा, दोन्ही बाजू फायबरच्या, नेम धरायला साइट, तोल राखायला पुढे लांब दांडा. अंतर ताडायचं, साइट तेवढ्यावर आणायची, श्वास धरायचा आणि सोडायचं. पद्धत पाळली तर चूक होत नाही. क्लबात लोक मला विचारायला येत. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याभोवती माणसं उभी राहत होती.

तिथे साडूंना मीच घेऊन गेलो. का, ते आता सांगतो. त्यांना एखादी गोष्ट जमत नाही आणि मला जमते, हे त्यांनी बघावं असं मला वाटत होतं.

पहिला उन्हाळा तसाच गेला. क्लबाचं रिकर्व्ह घेऊन ते बाण कुठेही मारत.

"कोपर वर घ्या. साइटमधून बघा," मी सांगायचो.

"मी बघतोय हो साडूभाऊ, पण ते हरीणच माझ्याकडे बघतंय!"

मग हेच बाकीच्यांना इंग्रजीत सांगायचे आणि सगळं रान हसायचं. बाण त्यांचा चुकलेला आणि घोळकाही त्यांच्याचभोवती.

एका रविवारी क्लबातल्या कुणीतरी आपला लाँगबो त्यांच्या हातात दिला. लाँगबो म्हणजे नुसतं लाकूड आणि दोरी. साइट नाही, दांडा नाही, बाण टेकवायला आपलीच मूठ. साडूंनी हरणाकडे बघितलं आणि बाण सोडला. तो वर्तुळात बसला. दुसराही बसला.

"कसा धरलात नेम?" मी विचारलं.

"धरला नाही. बघितलं आणि सोडलं."

त्या दिवसापासून त्यांनी रिकर्व्हला हात लावला नाही. त्या हिवाळ्यात ते एका वीकेंडला धनुष्य करायचा कोर्स करून आले आणि अ‍ॅशच्या लाकडाची फळी घेऊन गॅरेजमध्ये शिरले. मेहुणी फोनवर माझ्या बायकोला म्हणायची, "गाडी बाहेर पावसात आणि लाकूड आत हीटरशेजारी. त्यात माझी जागा कुठे, ते विचार!" मी मधूनमधून बघायला जात असे. ते थोडं तासायचे, वाकवून बघायचे, पुन्हा थोडं तासायचे. लाकडाची धनुर्धराकडची बाजू म्हणजे धनुष्याचं पोट आणि बाहेरची म्हणजे पाठ, असं ते मला समजावत. गुडघ्यावर भुसा, कपाळावर भुसा. मी म्हणायचो, "मोडेल हो." ते म्हणायचे, "मोडलं तर मोडलं, दुसरं करू."

वसंतात ते धनुष्य रानात आलं. ते मोडलं नाही. क्लबातली माणसं त्यावरून हात फिरवू लागली, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझं धनुष्य कितीतरी महाग होतं, पण त्यावरून कधी कुणी हात फिरवला नव्हता.

महिन्याभरात मी लाँगबो विकत घेतला. यंत्रं लावून शिकार करण्यात मजा नाही, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण बायकोने स्वयंपाकघरातून ओळखलं. "पोटात दुखतंय ना? ओवा देऊ?"

लाँगबोने माझी पार दैना केली. साइटवर सोपवलेली माझी नजर आता स्वतःहून काही करेना. बाण हरणाच्या वरून जात आणि मी खाजकुयलीसारख्या नेटलच्या झुडपात हात घालून ते शोधत बसे. बाणाची पिसं लागून बोटाची कातडी निघे. परत रिकर्व्हकडे गेलो असतो तर आठवड्यात पहिल्यासारखा झालो असतो. पण मग हरलो हे कबूल करावं लागलं असतं. साडू मागे उभे राहून हळूच म्हणत, "साडूभाऊ, विचार करू नका हो. नुसतं बघा." त्यांना खरोखर वाटत होतं की मला जमावं. शेजारी उभा राहून कुणी आपलं भलं चिंतत असलं की त्याचा राग करणं फार कठीण जातं. मी तेही केलं.

त्याच वर्षीचं नवरात्र. मी थोरला, म्हणून खंडेनवमीची शस्त्रपूजा आमच्याकडे असते. घरातल्या छोट्या खोलीत पाट मांडून आम्ही कात्री, सुरी, माझी ड्रिल मशीन, मुलांचे लॅपटॉप ठेवतो आणि हळदकुंकू वाहतो. त्या वर्षी साडू आपलं धनुष्य घेऊन आले. पूजेसाठी दोरी चढवून ते नीट उभं केलं, झेंडूचं फूल वाहिलं, फोटो काढले. जेवणं झाल्यावर दोरी उतरवायला ते पुन्हा खोलीत गेले. लाकडाचं धनुष्य काम झालं की सैल करून ठेवतात, ताणलेलं ठेवलं तर लाकूड थकतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी म्हणालो, "आता हात लावू नका. पूजेला ठेवलेलं शस्त्र दसऱ्याशिवाय उचलत नाहीत."

"ते बरोबर आहे. नुसती दोरी उतरवतो."

"सज्ज शस्त्राचीच पूजा असते. दोरी उतरवली तर ती काठी झाली. माझंही बघा, चढवलेलंच ठेवलंय."

माझं ठेवलेलं होतं ते रिकर्व्ह. फायबर आणि धातू, रात्रभर काय, आठवडाभर ताणलं तरी त्याला काही होत नाही. माझा लाँगबो दोरी उतरवून वरच्या कपाटात होता. आणि सज्ज शस्त्राचा तो नियम मी तिथल्या तिथे बनवला होता.

साडूंनी दोरीवरचा हात काढला नाही. "पण रात्रभर..."

"एका रात्रीने काय होतंय? आणि शास्त्र आहे ते."

मी थोरला होतो. त्यांनी धनुष्याला नमस्कार केला आणि ते घरी गेले.

त्यांची गाडी वळल्यावर मी खोलीत परत आलो. धनुष्य खिडकीखाली, पोट रेडिएटरकडे करून टेकवलेलं होतं. फुलं सुकतात म्हणून पूजेच्या दिवसांत तो रेडिएटर आम्ही बंद ठेवतो. मी खाली वाकलो आणि तो पूर्ण चालू केला. ताणलेलं लाकूड रात्रभर तापून कोरडं पडलं की ठिसूळ होतं, हे मला माहीत होतं. बायकोने विचारलं असतं तर खोली गार आहे म्हणून सांगितलं असतं. तिने विचारलं नाही. सकाळी साडू यायच्या आधी मी तो बंद केला.

त्यानंतरच्या रविवारी पहिल्याच हरणासमोर, दोरी गालापर्यंत आलेली असताना, धनुष्य फटाक्यासारखं मोडलं. वरचं टोक त्यांच्या भुवईवर बसलं. रक्त बघून मी धावलो, आणि तेही खोटं नव्हतं. हॉस्पिटलात थांबलो होतो तेव्हा भुवईवर रुमाल धरून ते म्हणाले, "साडूभाऊ, त्या रात्री दोरी चढवलेली राहिली, त्याने झालं असेल का?"

मी म्हणालो, "एका रात्रीने चांगलं धनुष्य मोडत नाही."

त्यांनी रुमालाची घडी बदलून तो पुन्हा भुवईवर धरला. मग म्हणाले, "म्हणजे पोट मी जास्त तासलं."

त्या दिवाळीत फराळ करताना मेहुणीची चकली तेलात विरघळली. मी मागून म्हणालो, "झालं धनुष्य!" सगळे हसले. माझी बायको पदर तोंडाला लावून हसली. साडूही हसले, भुवईवर टाके होते तरी. माझ्या विनोदावर सगळं घर हसलं, अशी ती पहिली वेळ. मग मी तो पुन्हा केला, पुन्हा केला, आणि पुढे मला करावा लागला नाही.

साडूंनी त्यानंतर धनुष्य हातात घेतलं नाही. गॅरेजमध्ये खोकी आली. मला पुढे लाँगबोमध्ये क्लबाचं एक पदक मिळालं. ते खेळत असते तर मिळालं नसतं, हे पदक गळ्यात घालणाऱ्यालाही ठाऊक होतं.

अशीच काही वर्षं गेली. यंदा त्यांच्या मुलीने एडिनबऱ्यात फ्लॅट घेतला आणि आम्ही सगळे तो बघायला गेलो. साडू बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढून म्हणाले, "ही शेल्फं मी लावून देतो." मुलगी म्हणाली, "नो बाबा, प्लीज, धनुष्य नको. मी कुणाला तरी बोलावते." ती प्रेमानेच म्हणाली. ते हसले आणि स्क्रूड्रायव्हर परत बॅगेत ठेवला, कपड्यांच्या खाली, पार तळाशी. मी समोरच बसलो होतो. तो हात मला पुढे झोप लागू देईना.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. मी बसलो आणि सगळं सांगितलं. नियम बनवल्याचं, रेडिएटरचं, सकाळी तो बंद केल्याचं, हॉस्पिटलात काय म्हणालो त्याचं. का केलं तेही सांगितलं. ते शिव्या देतील, घराबाहेर काढतील, आणि ते मी ऐकून घेईन, अशा तयारीने गेलो होतो.

ते म्हणाले, "पोट कुठल्या बाजूला होतं?"

"रेडिएटरकडे."

"रात्रभर? फुल?"

"फुल."

"आणि दोरी चढवलेली!" मेथीची जुडी त्यांनी ओट्यावर टाकली. "अहो, मग मोडणारच! कुणाचंही मोडलं असतं!" ते उठलेच. "अगं ए, खाली ये! ऐकलंस का? माझं धनुष्य चांगलं होतं!"

मेहुणी जिन्यावरून खाली आली. सगळं ऐकल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. "भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही त्यांना हसायचात हो. दर दिवाळीला." आणि वर निघून गेली.

साडूंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मुलीला एडिनबऱ्याला फोन लावला. ती कामावर होती, तरी तिला सगळं सांगितलं. लाकूड, पोट, रेडिएटर. माझं नाव घेतलं नाही. "कुणाकडे तरी रेडिएटरशेजारी राहिलं होतं," एवढंच म्हणाले. पलीकडून तिचा आवाज मला ऐकू येत होता, "ओ बाबा! सो इट वॉज गुड? धनुष्य चांगला होता?" आणि हे हसत, नाक ओढत म्हणत होते, "चांगला होता, बेटा. खूप चांगला होता."

मी टेबलाशी बसून होतो. इतकी वर्षं मी जे उरावर वागवलं, ते त्यांनी बघितलंही नाही. त्यातून स्वतःचं धनुष्य तेवढं उचलून घेतलं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटला तो हेवा, पूर्वीचाच, तितकाच ताजा. मी मेथी पुढ्यात ओढली आणि निवडायला लागलो. ते गॅरेजमध्ये खोकी हलवत होते आणि तिथून ओरडून मला विचारत होते, चांगलं अ‍ॅश हल्ली कुठे मिळतं.