दादाच्या फासळीवरचा वळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. धम्मदीक्षेनंतर आम्ही घरातले देव नाल्यात सोडले, तेव्हा भुतांना वेगळी नोटीस द्यायची गरज वाटली नव्हती. त्यामुळे पुढचं लिहिताना संकोच वाटतो... पण लिहितो.

सन एकसष्ट. घाटंजीजवळचं आमचं खेडं, कापूस वेचणीचे दिवस. माझ्या थोरल्या भावाला, नामदेवदादाला, शेताच्या वाटेवर कुत्रं चावलं. चावलेलं कुत्रं आमच्याकडे बांधून ठेवत नाहीत, ठेचतात. दादानं बैलबंडीच्या कडेचा खुंटा, उभारी, उपसली. पहिला घाव मागच्या उजव्या पायावर, दुसरा कमरेवर. तिसऱ्यानं जबडा डावीकडे फिरला. हाड मोडल्याचा आवाज मी धुऱ्यापलीकडून, शेताच्या बांधाआडून ऐकला. रक्त गाळत ते कापसाच्या पऱ्हाटीत सरपटत गेलं.

यवतमाळच्या दवाखान्यात दादाला पोटात सुया दिल्या. त्या संपता संपता त्याचा उजवा पाय लुळा पडला. मग डावा, मग कंबर. एका सकाळी तोंड डावीकडे वाकडं झालं.

डॉक्टर म्हणाले, हा पिसाळ रोग असेल तर मरण ठरलेलं. पण ही लस मेंढीच्या मेंदूपासून करतात; क्वचित एखाद्याचं शरीर तिच्याशी लढताना स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतं. त्यातून माणूस उठू शकतो. यातलं काय झालंय ते कुत्रं सांगेल — अजून जिवंत असेल तर ते पिसाळलेलं नव्हतं. म्हणजे सुयांचीही गरज नव्हती. हे त्यांनी सौजन्यानं गाळलं.

मी गावी निरोप धाडला — कुत्रं शोधा, जिवंत असेल तर डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा. वहिनीला कुत्रं बांधाखाली सापडलं, जिवंत. तिनं ते गुरांच्या कोठ्यात आणलं आणि ताकात कालवलेली भाकर बोटानं चारू लागली.

इकडे शेजारचा पैकाजी दादाला पाहून गेला होता. कुत्र्याला मार बसला तेव्हाही तो शेतात होता. गावात परतल्यावर त्यानं फेटा बांधून व्याख्यान दिलं — घाव पडले त्याच क्रमानं नामदेव लुळा पडून राह्यला, दोघांचा जीव जुळला हाये; कुत्रं संपवा, म्हणजे तो सुटेल. बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला, चारजण काठ्या घेऊन कोठ्यात शिरले. वहिनी कुत्र्यावर आडवी पडली.

"पह्यले माह्या डोक्शात घाला. हे मेलं त डाक्टरले काय दाखवू?"

पैकाजीनं काठी हाणली. वहिनीचं मनगट मोडून काठी कुत्र्याच्या फासळ्यांवर बसली. वहिनीनं दुसऱ्या हातानं विळा उचलला... पैकाजीचं व्याख्यान आणि दोन बोटं, दोन्ही तिथंच तुटली.

त्याच दिवेलागणीला मी दादाच्या उशाशी होतो. ज्याचं बोट हलत नव्हतं तो हातभर उसळला. श्वास थांबला. छाती दाबायला डॉक्टरांनी सदरा वर केला, तर फासळ्यांवर काठीचा आडवा वळ — ताजा, रक्ताळलेला. श्वास त्यांनी परत आणला. वळाबद्दल म्हणाले, दाब पडून झाला असेल. कशाचा, ते सांगितलं नाही.

पुढच्या वेचणीला दादा चालू लागला, उजवा पाय ओढत. कुत्रंही तसंच चाले. ते आमच्याकडेच राहिलं आणि काही वर्षांनी म्हातारं होऊन मेलं. त्या दिवशी वहिनीनं दादाला शेतात जाऊ दिलं नाही. आम्ही दोघं दिवसभर त्याच्याकडे बघत बसलो.

"काहून पाहून राह्यले माह्याकडं?" दादा वैतागला, आणि त्यानं आणखी एक भाकर मागितली.

म्हणजे दोघांचा जीव जुळलाय हे पैकाजीचं म्हणणंही खरं नव्हतं. मग तो वळ कशाचा, मला आजही माहीत नाही. तो अजून आहे.