बिनहाराचा फोटो

हे खरं तर सांगायचं नाही असं आमच्या टीमचं ठरलं होतं. पण सॉफ्टबॉलच्या टीममध्ये किस्से किट बॅगेतल्या मोज्यांसारखे साठत जातात. कुणाचे कुठले ते कळत नाही आणि कुणी घरीही नेत नाही! मी फारशी बोलत नाही, एका कडेला बसून बघते, त्यामुळे बहुतेक सगळे माझ्याकडेच राहिलेत. आता जेवणाची सुट्टी आहे. सर हाक मारेपर्यंत सांगते.

*

मी टीममध्ये आले ती खेळायला. पहिल्याच दिवशी बॉल माझ्याकडे आला आणि मी डोळे मिटले. सॉफ्टबॉल अजिबात मऊ नसतो, हे आधी माझ्या कपाळाला कळलं!

आमच्या शेळके सरांनी बर्फ लावला, टेंगूळ नीट बघितलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "तुझ्या घरी कॅमेरा आहे का गं?"

मामाचा जुना कॅमेरा होता. अशी मी टीमची फोटोग्राफर झाले.

*

पहिल्या मॅचच्या फोटोंत सगळं होतं. फिरून गेलेली बॅट, उघडी तोंडं, उडालेली धूळ. फक्त बॉल नव्हता. एकाही फोटोत!

टीममधल्या नाझियाने सगळे फोटो शांतपणे बघितले आणि विचारलं, "या सगळ्या मिळून माशी मारतायत का?"

सगळ्या हसल्या. पूनमही हसली, पण नंतर माझ्याजवळ येऊन बसली. पूनम आमची कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवी बसून बॉल झेलायचा, हे तिचं काम. मी तिच्या मागे जाळीपलीकडे उभी असायचे, त्यामुळे मैदानात माझी शेजारीण तीच.

"तू बॉल दिसल्यावर बटण दाबतेस," ती म्हणाली. "दिसला म्हणजे गेला! पिचरचा हात कमरेपाशी आला की दाब. बॉल येतो आपोआप."

पुढच्या मॅचला बॉल आला. अर्धाच, फोटोच्या कडेला. पूनमने त्या अर्ध्या बॉलसाठी टाळ्या वाजवल्या.

*

मग जाळीचं प्रकरण झालं. सगळ्या फोटोंत जाळीची तार न् तार स्पष्ट आणि मागच्या मुली म्हणजे नुसते रंगाचे डाग. त्यातल्या एका फोटोत पूनम मास्क डोक्यावर सरकवून, मागे वळून मला काहीतरी सांगत हसत होती. तीसुद्धा डागच.

"जाळी काय भारी आलीय!" पूनम म्हणाली. "जाळीच्या आईला पाठव, खूश होईल."

तेव्हापासून मी लेन्स जाळीच्या भोकाला टेकवून फोटो काढते. जाळी दिसत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मलाच सुचलं. तो जाळीचा फोटो मात्र पुसायचा राहून गेला.

*

आमच्या शाळेकडे कॅचरचा सेट एकच. एक मास्क, एक छातीचं गार्ड, पायांची एक जोडी. पूनम आणि नाझिया आलटून पालटून कॅचर व्हायच्या, म्हणजे एकीच्या घामाचा मास्क दुसरीच्या तोंडावर. पूनमच्या घरचं खोबरेल आणि नाझियाचं बदामाचं तेल, दोन्हींचा वास त्या मास्कला कायमचा लागलाय.

"माझा तोंड दिसणारा एक फोटो काढ ना," पूनम सारखी म्हणायची.

"मग मास्क काढ."

"मास्क काढला तर नाक जाईल! मग काय बिननाकाचा फोटो काढणार?"

*

दिवाळीच्या सुट्टीत पूनमला डेंग्यू झाला. शाळा उघडली तेव्हा ती नव्हती.

तिच्या आईने सरांकडे एकच गोष्ट मागितली. पूनमचा खेळतानाचा फोटो. सरांनी माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड नेलं, सगळं बघितलं, आणि माझ्या आयुष्यातला पहिला खरा चांगला फोटो निवडला. कॅचर उभी राहून सेकंड बेसला थ्रो करतेय, हात मागे खेचलेला, बॉल बोटांतून नुकताच सुटलेला. एवढा स्पष्ट, की बॉलची शिवण दिसते. बाजूने काढलेला, पण तोंडावर मास्क.

सरांनी तो मोठा करून, फ्रेम करून आणला. आम्ही टेम्पोतून मखमलाबादला, पूनमच्या घरी निघालो. सर पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागे. फ्रेम नाझियाच्या मांडीवर होती. ती खाली वाकून बघायला लागली आणि हळूच म्हणाली, "ही मी आहे."

कुणालाच कळेना. तिने बुटांवर बोट ठेवलं. हिरव्या लेस. हिरव्या लेस नाझियाच्याच.

तेवढ्यात टेम्पो थांबला. पूनमची आई दारातच उभी होती. तिने फ्रेम दोन्ही हातांनी घेतली आणि पदराने काच पुसली.

परत येताना कॅप्टन म्हणाली, "कुणी बोलायचं नाही. कधीच."

*

पूनमच्या घरची फुलशेती आहे. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, पहाटे फूलबाजारात जातात, दुपारी ओट्यावर बसून हार ओवतात. लग्नाचे, गाड्यांचे, फोटोंचे. आम्ही अधूनमधून जायचो. भिंतीवर पूनमच्या आजोबांच्या फोटोला रोज ताजा हार. शेजारी आमची फ्रेम, तिला साधं फूलही नाही.

"अजून मन धजत नाही तिचं," शेजारच्या मावशी कुजबुजायच्या.

नाझिया त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. आणि मी घरी येऊन कार्डातले सगळे फोटो पुन्हा बघायचे. शेकडो मास्क. तोंड एकाच फोटोत, जाळीमागचं, डाग झालेलं. तो मी छापून घेतला आणि बॅगेत ठेवला. द्यायचा तर कुठल्या तोंडाने? हा दिला की भिंतीवरचा तो कुणाचा, हे सांगावं लागणार.

*

आता शेवटचा. आजचाच आहे, सकाळचा.

मॅच सुरू व्हायच्या आधी काकू मैदानावर आल्या. पहिल्यांदाच. डोक्यावर फुलांची टोपली, बाजारातून तशाच आलेल्या. नाझिया पायाची गार्डं बांधत होती. काकू टोपली खाली ठेवून तिच्यासमोर बसल्या आणि तिच्या बुटांकडे बघत राहिल्या. मग तिची सुटलेली हिरवी लेस त्यांनी स्वतः बांधली.

"तुझ्या फोटूला मी हार घातला नाय बरं का," त्या म्हणाल्या. "जित्या पोरीच्या फोटूला घालू नये."

नाझियाने पटकन मास्क ओढून घेतला. आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

मग काकू माझ्याकडे वळल्या. "तिचा हाय का एखादा? कसाबी असंल तरी चालंल."

मी बॅगेतून जाळीचा फोटो काढून दिला. त्यांनी तो उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला. जाळीवरून बोट फिरवलं, डागापाशी थांबवलं.

"हसतीय," म्हणाल्या.

मग टोपलीतली झेंडूची फुलं बाजूला सारली. तळाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक छोटा पांढऱ्या शेवंतीचा हार होता. घरूनच ओवून आणलेला. त्यांनी तो हातात घेतला, फोटो माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेला टेकवून उभा केला, आणि—

"अगं ए फोटोग्राफर! बॅटर उभी राहिली, कुठंयस?"

आले सर!