आधी कोणी प्यायचं

घरातली पोरं मला विचारतात, तुम्ही ख्रिस्ती झालात तेव्हा उजेड दिसला का, आकाशातून आवाज आला का? त्यांची निराशा करणं जिवावर येतं. मला यातलं काहीच झालं नाही. मला पटकी झाली.

तेव्हा मी तंजावरच्या कचेरीत कारकून होतो आणि पापनाशमकडच्या गावांत भाताच्या शेतांची पाहणी करत हिंडत होतो. सोवळ्याचा इतका कडक, की गाडीवानाची सावली डब्यावर पडली तर आतल्या दशम्या कावळ्यांना घालायचो. एके दिवशी वाटेतच उलट्या-जुलाब सुरू झाले. पटकीचं नाव काढताच गाडीवान आणि शिपाई असे पसार झाले, की बैलही मागे राहिले. मी कालव्याच्या काठी पडून होतो. मला उचलून झोपडीत नेलं ते एका म्हाताऱ्या शेतमजुराने, ज्याला आमच्या गल्लीत पाऊल टाकायचीही मुभा नव्हती. त्याने माझी घाण काढली, धोतर धुतलं, आणि आपल्या मडक्यातली कंजी, म्हणजे भाताची पेज, करवंटीने माझ्या तोंडात घातली. मी नको नको म्हणालो असेन. पण तोंड उघडंच होतं.

बरा झाल्यावर मी त्याला तमिळमध्ये विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की सामी. पण आमच्या येशूने महारोग्याला आधी हात लावला, मग बरं केलं. आधी बरा हो, मग हात लावतो, असं नाही म्हणाला."

तिकडे ब्राह्मणाला सामी, म्हणजे स्वामी, म्हणतात. त्याचं हे बोलणं मनातून जाईना. मी गुपचूप शुभवर्तमान वाचू लागलो आणि पुढे बाप्तिस्मा घेतला. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, जिवंतपणीच माझ्या नावाने घट फोडला, नदीवर आंघोळ केली, आणि मी मेलो. बायको मात्र बरोबर आली. मी धर्मही बदलला नाही आणि नवराही बदलला नाही, असं ती सगळ्यांना ठणकावून सांगे.

आता ज्याने आजही माझं डोकं फिरतं ते सांगतो.

पहिल्या रविवारी प्रार्थनामंदिरात गेलो, तर पुढे चटई अंथरलेली. तिच्यावर वरच्या जातींतून आलेले ख्रिस्ती. मागे उघड्या फरशीवर बाकीचे. मधे हातभर मोकळी जागा, तिथून कावेरीच वाहत असावी अशी सगळे जपणारे. मंडळीतले एक पंच लगबगीने उठले. "या सामी, सगळ्यांत पुढे बसा. प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा एकच प्याला फिरतो, त्याचा पहिला मान तुमचा. तुम्ही प्यालात की मग आम्ही, मग मागचे."

आणि मी बसलो! नुसता बसलो नाही, ऐसपैस मांडी घातली. मग मागे वळून पाहिलं, तर झोपडीतला माझा म्हातारा फरशीवर, भिंतीला टेकून. ती चटई मला अशी काही पोळू लागली, की उपदेशातला एक शब्द कानात शिरला नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, तिथेही पंगतीच? मग पहिल्या पानावर आपल्यातच बसायचं होतं. निदान वाढणं तरी चांगलं होतं."

पाद्रीसाहेबांकडे गेलो. ते भले गृहस्थ, पण म्हणाले, "हळूहळू होईल. मंडळी दुखावतील."

"कोणती मंडळी, साहेब? फरशीवरची दुखावत नाहीत?"



प्रभुभोजनाच्या दिवशी मी सरळ मागे जाऊन म्हाताऱ्याजवळ बसलो. तर तो झटकन सरकला आणि आपलं अंगवस्त्र आवरून घेतलं!

"झोपडीत नेताना मला कवेत उचललंस ना?" मी कुजबुजलो.

"तिथे कोण बघत होतं, सामी?"

पाद्रीसाहेब प्याला घेऊन उभे राहिले. पंचांनी मला खुणावलं. मी उठलो नाही. आणि मग गंमत अशी झाली, की चटईवरचं कोणीच उठेना. पहिला मान माझा! माझ्याआधी प्याले असते तर त्यांचीच रीत मोडली असती. जन्मात पहिल्यांदा माझ्या ब्राह्मणपणाचा कोणाला तरी उपयोग झाला.

पंच येऊन दातओठ खात म्हणाले, "सामी, सगळे खोळंबलेत."

"आधी यांना."

"ते शक्य नाही."

"मग बसू सगळेच."

म्हातारा माझ्यावरच उखडला. "तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा. मी भल्या पहाटे निघून चालत आलोय तो तुमचं भांडण बघायला नाही, प्रभूकडे आलोय." असं म्हणून त्याने सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं, मला उठवलं, आणि चटईवरून चालत वेदीपाशी घेऊन गेला. आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकले. पाद्रीसाहेबांनी चटईकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि प्याला म्हाताऱ्याच्या ओठांना लावला. मग माझ्या.

मागे पावलं वाजली. निम्मी चटई उठून बाहेर चालली होती. प्रभुभोजन शांत मनाने घ्यावं, असं आम्हाला शिकवलेलं. मी तर रागारागानेच प्यालो. पण ज्याच्यासाठी घर सोडलं तो इथेच आहे, याबद्दल मला त्या घोटाला तिळमात्र शंका उरली नाही.