माहिती घरच्यांना देऊ नये

त्या फॉर्मवरची सहावी ओळ माझी आहे. बाकीच्या ओळींवरून कंपनीतल्या बऱ्याच जणांचे हात फिरले असतील, पण सहावी शब्दशः माझी: 'माझ्या तपासणीची माहिती माझ्या घरच्यांना देऊ नये.' पुढे एक चौकोन. पेशंटने त्यात खूण केली की विषय संपला.

मी वकील आहे, पण कोर्टात फारशी गेले नाही. लहान दवाखान्यांना पेशंटचं रेकॉर्ड संगणकावर ठेवायची व्यवस्था करून देणारी एक कंपनी आहे, तिच्यासाठी मी संमतीचे फॉर्म आणि नियम लिहिते. कुणाची माहिती कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, कधी पुसणार. आई गेल्यावर मुंबई सोडून मी कोकणात, तोंडवलीला बाबांकडे राहायला आले, तेव्हा गावात बऱ्यापैकी इंटरनेट आलेलं होतं, त्यामुळे काम सुरू राहिलं. मी काय करते ते बाबांना समजावून सांगायचा दोनतीनदा प्रयत्न केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे लोकांची बिंगा झाकून ठेवतंस." असंही म्हणता येईल.

सहाव्या ओळीसाठी मी मीटिंगमध्ये भांडले होते. एक साहेब म्हणाले, "अहो, खेड्यात ही खूण करणार कोण? तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं." मी म्हटलं, म्हणूनच पाहिजे. सुनेच्या तपासणीचा निकाल तिच्याआधी सासूला कळतो, हे मी कितीदा पाहिलं होतं. मी इतकी तावातावाने बोलले की ओळ राहिली. माझ्या डोळ्यांसमोर सुना होत्या. सत्तरी ओलांडलेले, लुंगी-बनियनवर नारळ सोलणारे माझे बाबा अजिबात नव्हते.

पावसाळा सरला आणि बाबांच्या कानाखाली, मानेला, सुपारीएवढी गाठ दिसायला लागली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आणायला बाबा एकटेच एसटीने गेले. मी येते म्हटलं तर म्हणाले, तुझी मीटिंग आसा ना. दुपारी परत आले, शर्ट खुंटीला लावला आणि जेवायला बसले.

"काय म्हणाले?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे?"

"काय नाय म्हणजे काय नाय. कढी वाड."

मी कढी वाढली. ते दोन वाट्या प्यायले. मला त्यातून काहीच कळेना. वाईट बातमी असती तर माणूस दोन वाट्या कढी पितो का? आणि चांगली असती तर सांगायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना गाठला. तिथेही आमच्याच कंपनीची व्यवस्था आहे; काउंटरवर जी मुलगी बसते तिला ती सगळी मीच शिकवली होती. तिने बाबांचा नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचे कान लाल झाले.

"ताई, नाही सांगता येणार. त्यांनी सहाव्याला खूण केलीय."

"मी त्यांची मुलगी आहे."

"घरच्यांना म्हणजे तुम्हीच ना, ताई."

मी आवाज चढवला. वकिलाचा आवाज, जो मी एरवी घरी ठेवून येते. ती बिचारी रडवेली झाली, पण बधली नाही. म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं, कितीही ओरडले तरी सांगायचं नाही." खरंच सांगितलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिला शाबासकी द्यावीशी वाटली. दोन्हींपैकी काहीच न करता मी बाहेर आले आणि चुकीच्या एसटीत बसले.

घरी लॅपटॉप होता. नियम पाळले जातात की नाही हे तपासण्यासाठी कंपनीने मला एक पासवर्ड दिलेला आहे. त्याने कुठल्याही दवाखान्याचं रेकॉर्ड उघडतं. कोणी काय उघडलं त्याची नोंद मागे राहते, तो नियमही माझाच. मी बाबांचा नंबर टाइप केला. बाहेर ते विहिरीवर हातपाय धूत होते, बादलीचा आवाज येत होता. एक बटण दाबलं की कळणार होतं. मुलगी म्हणून दाबायचं की वकील म्हणून दाबायचं नाही, हेच मला ठरवता येईना. शेवटी लॅपटॉप मिटला. त्यात तत्त्व किती होतं आणि काय निघेल याची भीती किती, ते देव जाणे.

चार दिवस आम्ही दोघं घरात एकमेकांशी 'चा घेतंस?' यापलीकडे काही बोललो नाही.

शनिवारी मासे घेऊन येणारी काकी आली. पेडवे मोजता मोजता म्हणाली, "बाबांक आता कसा वाटता गो? सोमवारी गाराणा आसा ना देवळात. मी येतलंय."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. "कसलं गाऱ्हाणं?"

"मानेच्या गाठीचा. तुका म्हायत नाय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी गुन्हा केलाय. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दोन पेडवे जास्त घालतंय हां."

म्हणजे गावाला ठाऊक, देवाला कळवायचं ठरलेलं, मासेवालीला दिवससुद्धा माहीत. फक्त मला नाही. ज्या माणसाने मला सांगू नका म्हणून कागदावर खूण केली, तोच माणूस आपला आजार भर देवळात ओरडून सांगायला लावणार होता. या दोन गोष्टी एका डोक्यात कशा मावतात ते मला कळेना. मी बाबांना काही विचारलं नाही. सोमवारी सकाळी साडी नेसून त्यांच्या मागोमाग चालू लागले. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि हातातली नारळाची पिशवी माझ्याकडे दिली.

देवळात पंधरावीस माणसं होती. गाऱ्हाणं घालणारे मानकरी बाबांच्याच वयाचे, शाळेत एका बाकावर बसलेले. त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि घसा खाकरून खणखणीत सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो सेवक आज तुझ्या पायाशी इलो आसा. तेच्या मानेक गाठ इली, ती तपासून घेतली, आणि ती वायट निघाली आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

असं मला कळलं. पंधरावीस लोकांबरोबर, उभ्याउभ्या.

"आता तो औषदपाण्याक गोव्याक जातलो आसा. तेका बळ दी. तेच्या घरात एक चेडू आसा, तेका धीर दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चेडू म्हणजे मुलगी; म्हणजे मीच. मासेवाल्या काकीने माझ्या दंडाला धरलं होतं. नंतर खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले, एकदोघांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मंडळी आपापल्या कामाला गेली. कोणी खोदून काही विचारलं नाही.

परतताना सुरूच्या बनाजवळ माझा बांध फुटला. मी रस्त्यातच ओरडले. सगळ्या गावाला सांगता आणि मला नाही? मी कोण तुमची? बाबा वाळूत चपलेने रेघ ओढत उभे राहिले, माझं संपेपर्यंत.

मग म्हणाले, "मी बोट कित्याक सोडलंय, तुका म्हायत आसा?"

बाबा मोठ्या जहाजांवर खलाशी होते. कंटाळा आला म्हणून सोडलं, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते. तसं नव्हतं. जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीत त्यांच्या छातीत काहीतरी दोष दिसला. दहाबारा जण बसलेले असताना कारकुनाने नाव पुकारून 'अनफिट' म्हणून सांगितलं. भरलेली पेटी घेऊन ते परत आले. पुढे बरे झाले, दुसऱ्या कंपन्यांत काम मागायला गेले.

"पण मी खंयय गेलंय तरी माझ्या आदी माझो कागद पोचललो. कोण माझ्याकडे बघीच ना. कागदाकडेच बघीत."

"पण देवळात तर सगळ्यांसमोर..."

"थंय कोण लिवन ठेवणा नाय," बाबा म्हणाले. "आयकतत, व्हय म्हणतत, घराक जातत. तुका सांगलंय असता तर तू फाइल केली असतंस."

मी फाइल केलीच असती. रंगीत कप्पे पाडून. माहिती किती वर्षं ठेवायची यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. ऐकून लगेच सोडून द्यायची, असाही एक मार्ग आमच्या देवळात आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं. आणि तरी मी मुलगी होते, मला कळायला हवंच होतं, असंही वाटत राहिलं. अजून वाटतं.

(हे लिहिण्यापूर्वी मी त्यांना विचारलं. "नावा घालू नको," म्हणाले. घातलेली नाहीत.)

गोव्याच्या हॉस्पिटलात पुन्हा फॉर्म आला. तो माझा नव्हता, पण प्रश्न तोच: तुमची माहिती कोणाला द्यायची? पेशंट फॉर्म भरताना नातेवाइकाने शेजारी उभं राहू नये, असं मी नेहमी लिहिते. म्हणून पेन त्यांच्या हातात देऊन खिडकीपाशी गेले आणि बाहेरच्या गाड्या मोजल्या. बाबांनी कागद भरला, दुमडला आणि मला न दाखवता काउंटरवर दिला.

तासाभराने नर्सने बाबांना हाक मारली. मी उठले. तिने कागद पाहिला आणि अवघडून म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर थांबा. यांनी 'कोणालाही नाही' लिहिलंय."

मी पुन्हा बसले. हे मला पाठ झालं होतं. पण या वेळी राग आला नाही.

बाबा दारापर्यंत गेले आणि थांबले. "ह्या माझा चेडू," ते नर्सला म्हणाले. "हेका भुतूर येवंदे."

"पण आजोबा, कागदावर तुम्हीच लिहिलंय..."

"कागदार नाय म्हटलंय. आता तोंडान सांगतंय ना?" मग ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आजच्या पुरता. फुडल्या खेपेक माका परत इचारा."

पुढली खेप आहे असं ते धरून चालले होते, एवढंच मला ऐकू आलं. मी पिशवी उचलली आणि त्यांच्या मागून आत गेले.